चार्ल्स ब्रिज, प्राग: दंतकथांच्या जागा नेमक्या कुठे?

पायपीट: जुलैत आई-बाबांना घेऊन प्रागला जातोय. पुलासाठी एकच सकाळ आहे. तलवार, अंडी, नवस अशा बऱ्याच कथा वाचल्या. त्यातलं प्रत्यक्ष काय दिसतं? बाबांचे गुडघे दुखतात.

दगडधोंडा: सकाळी सहाच्या आत पोचा, आठनंतर मुंगीलाही जागा नसते. सुरुवात ओल्ड टाउनच्या बाजूने करा, म्हणजे ऊन पाठीशी आणि किल्ला समोर उजळलेला. संध्याकाळी त्याची नुसती काळी आकृती उरते. पूल 516 मीटर, पण फरसबंदी खडबडीत. बाबांना जाड तळव्याचे बूट द्या. बुरुजाला शंभरावर पायऱ्या, तो सोडाच. नवसासाठी उजवीकडची आठवी मूर्ती, नेपोमुकचा सेंट जॉन. खालच्या पट्टीवरचा चकचकीत कुत्रा चोळायचा.

नदीकाठ: कुत्र्याचा नवसाशी काही संबंध नाही! एकाने चोळला म्हणून सगळे चोळतात. मूर्तीच्या थोडं अलीकडे, त्याच उजव्या कठड्यावर पाच ताऱ्यांचा छोटा क्रूस आहे. जॉनला नदीत टाकलं ती जागा ही, असं मानतात. पाच बोटं पाच ताऱ्यांवर टेकवायची. राणीने या धर्मगुरूला पापांच्या कबुलीत काय सांगितलं ते त्याने राजाला सांगितलं नाही म्हणून त्याला मारलं, ही झाली कथा. 1393 मध्ये खरं भांडण होतं ते एका मठाचा प्रमुख कोण नेमणार यावरून. मूर्ती तर 1683 ची.

तलवार दिसत नाही, ती पुलाच्या दगडांत दडलीय म्हणे. देशावर संकट आलं की चेक लोकांचा रक्षक संत सेंट वेन्सेस्लास येणार, घोडा ठेचकाळणार आणि टापेखालून ती वर येणार. तिचा मालक, दंतकथेतला वीर ब्रुन्सविक, मूर्तीरूपात मात्र दिसतो: पलीकडच्या टोकाआधी डावीकडे वाकून बघा, खालच्या खांबालगत उभा आहे. नीट बघायला कांपा बेटावर उतरावं लागतं, जिना आहे. बाबांना कठड्यावरूनच दाखवा.

पायपीट: आणि अंडी? 5:31 चा मुहूर्त?

दगडधोंडा: कुत्र्याचं मान्य. 1357, तारीख 9, महिना 7, वेळ 5:31 हे आकडे उलटसुलट सारखेच येतात, म्हणून राजा चौथ्या चार्ल्सने तेव्हा पायाचा दगड बसवला म्हणतात. पण त्या काळच्या घड्याळांना मिनिटकाटाच नव्हता, तेव्हा 31 कोणी मोजली? चुन्यात घालायला गावोगावची अंडी मागवली होती म्हणे. वेल्वारीकरांनी वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. यातलं बघण्यासारखं काही नाही, पण आईंना आवडेल.

नदीकाठ: पुलावर चढण्याआधी ओल्ड टाउनच्या टोकाला उजवीकडे, काठाच्या भिंतीत दाढीवाल्याचं दगडी डोकं शोधा. 1342 च्या पुरात कोसळलेल्या आधीच्या पुलाची ही खूण. पाणी टकलावर चढलं की चौकात होड्या चालणार, अशी समजूत. आणि पाकीट पुढच्या खिशात ठेवा, ताऱ्यांपाशी हात वर गेला की चोरांचं फावतं.