ठिपके पडलेलं केळं खावं की टाकावं? घरात रोज वाद चाललाय

सिडकोची_सून:
परवा गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारातून डझनभर केळी आणली, तेव्हा देठाकडे हिरवट होती, आज सगळ्यांवर ठिपके. सासऱ्यांना शुगर आहे म्हणून ते हिरवटच खातात, पण तेच पोराला दिलं की त्याचं पोट गच्च, दोन दिवस संडासलाच होत नाही. आणि सासूबाई म्हणतात काळं पडलं की सत्त्व गेलं. नक्की बदलतं काय?

रावेरचा_नाशिककर:
आमच्याकडे केळीचे मळे आहेत म्हणून बोलतो. कच्च्या केळ्याचा गर वाळवला तर त्यात ७०-८० टक्के स्टार्चच असतं, पिकताना त्याची साखर होते आणि पूर्ण पिकल्यावर स्टार्च जेमतेम उरतं. हिरव्यातलं बरंचसं स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, तसंच मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते खातात, म्हणून काहींना गॅस धरतो. वर टॅनिन, ज्याने जिभेला मिठी बसते ना, तेच. पोराला ठिपकेवालंच द्या, मऊ असतं, पचायला सोपं.
सत्त्वाचं म्हणाल तर पोटॅशियम कुठे पळून जात नाही, १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम, हिरवं असो की काळं. आणि हो, फ्रिजमध्ये ठेवल्याने साल काळी पडते ते वेगळं, आत केळं चांगलं घट्ट असतं, उगाच फेकू नका.

गंगापूर_रोड_वॉकर:
सासऱ्यांना सांगा, हिरवटाने शुगर हळू चढते हे खरं, पण चढते! मी पण डायबेटिक आहे, अर्धंच खातो, जेवणावर नाही, मधल्या वेळी मूठभर शेंगदाण्यांसोबत, आणि दोन तासांनी मशीनवर बघतो.

सिडकोची_सून:
अहो ते तर कच्च्या केळ्याची भाजी पण खातात, "यात शुगर नाही" म्हणून दोन वाट्या 🙄

रावेरचा_नाशिककर:
शिजवलं की ते न पचणारं स्टार्च बरंचसं पचणारं होतं ताई, बटाट्यासारखंच धरा. एक वाटी बास.

पंचवटी_आजी:
ठिपकेवाल्यांचं शिकरण करा, पण साखर घालू नका हो, केळ्यातच भरपूर असते. आमच्याकडे सवयीने दोन चमचे पडायची.

सिडकोची_सून:
आमच्याकडे चार पडतात. सासूबाईंना हा धागा दाखवतेच आता.