बाळाचे वरचे अन्न : आपले अनुभव लिहावेत

बाळाला वरचे अन्न कोणते द्यावे याच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु चमचा पुढे करताच बाळाने तोंड घट्ट मिटून घेतले तर काय करावे, हे रोज भरवणाऱ्यांनाच ठाऊक असते. आई-वडील, आजी-आजोबा आणि बाळ सांभाळणाऱ्या सर्वांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती. सुरुवात मी करते.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करावे आणि स्तनपान दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वयाबरोबरच मी मुलीकडे पाहून ठरवले: तिची मान स्थिर झाली होती, आधाराने ती बसत होती आणि आमच्या ताटाकडे झेपावत होती. तरीही कुस्करलेले केळे ती जिभेने पुढे ढकलून हनुवटीवर आणून ठेवी. तिला ते आवडले नव्हते असे नाही. आजवर केवळ दूध ओढणारी जीभ घास मागे न्यायला शिकत होती.

जुळ्यांची आई : एकाच वाटीतले अन्न असूनही एक चमचा दिसताच आ करी, तर दुसरा मान फिरवी. मान फिरवली की त्या वेळेपुरते थांबायचे, हे आम्ही घरात सर्वांना सांगून ठेवले. नाकारलेला पदार्थ काही दिवसांनी पुन्हा पुढे ठेवत राहिलो, कारण नवी चव ओळखीची होण्यास आठ-दहा वेळाही लागू शकतात.

एक बाबा : मला धास्ती होती ती घास अडकण्याची. उबळ आली की बाळ खोकते, आवाज करते, त्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि बहुधा ते स्वतःच घास पुढे आणते. अशा वेळी तोंडात बोट घातल्यास घास उलट मागे जाऊ शकतो. घास खरोखर श्वासनलिकेत अडकला, तर मात्र आवाज बंद होतो, बाळाला रडता किंवा खोकता येत नाही आणि ओठ निळसर पडू लागतात. वर्षाखालील बाळाला डोके खाली राहील असे हातावर पालथे धरून पाठीवर पाच थापा आणि मग उताणे करून छातीवर पाच दाब, ही क्रिया मी बाहुलीवर प्रत्यक्ष शिकलो. ती प्रत्येकाने शिकावी, असे मला कळकळीने वाटते. द्राक्ष मी आजही उभे चिरूनच देतो.

आजी : पातळ पाण्याने पोट भरते, पण बळ मिळत नाही. चमचा कलता केला तरी अन्न त्यावर टिकले पाहिजे, इतके ते दाट असावे. मीठ-साखर आम्ही टाळली. मध वर्षभर अजिबात दिला नाही, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्याला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

पाळणाघरातील ताई : जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास कमी होत जातो, म्हणून केवळ फळांवर न थांबता अंडी, मांस किंवा कडधान्ये लवकर सुरू करावीत, असे मी पालकांना सांगते. कडधान्यांसोबत आंबट फळ दिल्यास लोह अधिक शोषले जाते.

नऊ महिन्यांच्या मुलाची आई : माझा मुलगा गुळगुळीत वाटलेले अन्न आनंदाने खातो, मात्र लहानशी गुठळी लागताच सर्व बाहेर काढतो. गुठळ्यांची सवय याच वयात लागणे महत्त्वाचे असते, असे डॉक्टर म्हणतात. ज्यांनी हा टप्पा पार केला आहे, त्यांनी वाटण हळूहळू जाडसर कसे करत नेले, ते कृपया लिहावे.