ओळख आधी, वस्तू नंतर

धंदा कसा उभा करायचा हे सांगताना आधी जगावेगळी कल्पना, मग ‘प्रामाणिक मार्केटिंग’ म्हणजे जाहिरात, मग नेटवर्किंग म्हणजे ओळखी, असा क्रम बरेचदा मांडला जातो. मला तो काही पटत नाही. पोस्ट-इटचंच बघा, म्हणजे चिकटवून पुन्हा सहज काढता येणाऱ्या त्या छोट्या चिठ्ठ्यांचं. १९६८ मध्ये थ्रीएम या अमेरिकन कंपनीतले संशोधक स्पेन्सर सिल्व्हर यांना जबरदस्त चिकटणारा गोंद बनवायचा होता. हाती आला तो धड न चिकटणारा. पुढची कित्येक वर्षं ते कंपनीत लोकांना त्याबद्दल सांगत राहिले. अशाच एका व्याख्यानाला कंपनीतलेच आर्ट फ्राय बसले होते. चर्चमध्ये गाताना त्यांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडायच्या. त्यांच्या डोक्यात दोन्हींची गाठ पडली. म्हणजे ओळख आधी, वस्तू नंतर!

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांत माल विकायला ठेवला, तर फारसं कुणी विचारलं नाही. पुढच्या वर्षी बॉइसी शहरात नमुने फुकट वाटले. वापरलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त लोक विकत घेऊ म्हणाले. ‘प्रामाणिक मार्केटिंग’ वगैरे जड शब्द बाजूला ठेवले, तर मी यालाच जाहिरात म्हणेन.

राहता राहिलं नेटवर्किंग. माझ्या धंद्याच्या पहिल्या वर्षी मी प्रदर्शनं पालथी घालून व्हिजिटिंग कार्डं जमवली. रबर लावलेला तो गठ्ठा ड्रॉवरमध्ये तसाच पडलाय. पहिलं मोठं काम आलं ते अशा एका माणसाकडून, ज्याला मी वर्षभरापूर्वी ‘हे आमच्याच्यानं होणार नाही, दुसरीकडे विचारा’ असं सरळ सांगून टाकलं होतं. फोनवर त्यानं सुरुवातच त्या वाक्यानं केली.