प्रतिसाद: रिसर्च स्टेटमेंट म्हणजे थीसिसचा गोषवारा नव्हे

प्राध्यापकपदाच्या अर्जासोबत रिसर्च स्टेटमेंट, म्हणजे पुढे काय संशोधन करणार याचं निवेदन, द्यावं लागतं. त्याजागी पीएचडीच्या प्रबंधाचा सारांश चार पानांत बसवून पाठवला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. चालणार नाही. झालेलं काम सीव्हीत दिसतंच. निवड समितीला कळायला हवं असतं ते पुढच्या पाच वर्षांचं, आणि तेही गाईडच्या सावलीतून बाहेर पडून तुम्ही काय करणार ते. माझ्या पहिल्या मसुद्यात 'आम्ही' इतक्या वेळा आलं होतं की एका सीनिअरने विचारलं, "यात तू कुठे आहेस?" सगळं पुन्हा लिहिलं.

या चर्चेत वर एकांनी अमेरिकेतले नमुने बघायला सांगितलंय. भाषेसाठी जरूर बघा, पण आयसर (केंद्राच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) किंवा आयआयटीसाठी अर्ज असेल तर संशोधनाला पैसे कुठून आणणार हा परिच्छेद इथलाच हवा. एसईआरबीकडे (संशोधनाला निधी देणारं केंद्राचं जुनं मंडळ) प्रस्ताव पाठवू असं अजूनही लोक लिहितात. 2023 च्या कायद्यानंतर ते काम एएनआरएफ या नव्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाकडे गेलंय. अशी चूक लगेच डोळ्यांत भरते.

उपकरणांबद्दल स्पष्ट लिहा: पहिल्या वर्षी स्वतःचं काय लागेल, संस्थेतलं सामायिक काय वापरता येईल. मी हे विभागाची वेबसाइट बघून लिहिलं होतं आणि मुलाखतीत निम्मा वेळ त्यावरच गेला.

पहिलं पान मात्र तुमच्या विषयाबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. समितीत भौतिकशास्त्रवाल्यासमोर जीवशास्त्रवाला बसलेला असू शकतो. माझं आमच्या बाबांनी वाचलं, निवृत्त गणित शिक्षक. तिसऱ्या ओळीलाच अडले.