क्यूब स्वतःभोवती फिरायचं सोडून भलतीकडेच घिरट्या घालतोय

नवखा_त्रिकोण: सी प्लस प्लस बऱ्यापैकी येतं, टूडीमधे दोन छोटे गेम केलेत, आता थ्रीडी शिकायचं म्हणून ओपनजीएल (ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घ्यायची सोय) घेऊन बसलोय आणि तीन आठवडे एका क्यूबवरच अडलोय. बाजूला सरकवून फिरवला की तो जागच्या जागी न फिरता स्क्रीनच्या मध्याभोवती चकरा मारतो. शिवाय मागच्या बाजू पुढच्यांवर उमटतात, आतलं बाहेर काढल्यासारखं दिसतं. मित्र म्हणतो मॅट्रिक्सच्या (सरकवणं-फिरवणं करणाऱ्या आकड्यांच्या चौकटी) नादी लागू नको, सरळ तयार गेम इंजिन घे. सोडू का हे?

शेडरवेडा: अरे सोडू नको, या दोन्हीत सगळेच एकदा अडकतात. जीएलएम, म्हणजे ओपनजीएलसोबत वापरतात ती गणिताची लायब्ररी, वापरतोयस ना? मग कोडमधे आधी ट्रान्सलेट (सरकवणं) आणि त्याखाली रोटेट (फिरवणं) लिही. उलटं वाटेल, पण शेवटी लिहिलेलं व्हर्टेक्सला (क्यूबच्या कोपऱ्याच्या बिंदूला) सगळ्यात आधी लागतं, म्हणजे क्यूब आधी ओरिजिनवर (शून्य बिंदूवर) फिरतो आणि मग सरकतो. तुझ्याकडे आधी सरकतोय आणि मग फिरतोय, त्यामुळे दोरीला बांधलेल्या दगडासारखा गोल जातो. हे कागदावर एक चौकोन काढून स्वतः करून बघ, नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. दुसरं म्हणजे डेप्थ टेस्ट चालू केलेली नाहीस, ती बाय डीफॉल्ट बंद असते, त्यामुळे जो त्रिकोण शेवटी काढला तो वर दिसतो, जवळ कोण आहे हे कोणी बघतच नाही.

गेम_आधी: मी थोडं वेगळं सांगतो. तुला गेम पूर्ण करायचा असेल तर गोडो किंवा युनिटीसारखं इंजिन घे, त्यात कमीपणा काही नाही. पण व्हेक्टर (दिशा आणि लांबी असलेले बाण) तिथेही सुटत नाहीत हां, शत्रू समोर आहे की पाठीमागे हे बघायला डॉट प्रॉडक्टच (दोन व्हेक्टरचा एक प्रकारचा गुणाकार) लागतो. ग्राफिक्स आतून कसं चालतं याचीच खाज असेल तर ओपनजीएलच ठीक. फक्त जीएल-बिगिन, जीएल-एंड वाले जुने धडे दिसले की पान बंद कर, ते २००९ च्या ओपनजीएल ३.१ पासून कोअरमधून (मुख्य भागातून) काढून टाकलंय. आणि वल्कन (ओपनजीएलनंतरची, सगळं स्वतः लिहायला लावणारी सोय) आत्ताच नको, पहिला त्रिकोण दिसेपर्यंत हजारेक ओळी होतात, उत्साहच मरतो.

नवखा_त्रिकोण: फिरायचं जमलं!! पण डेप्थ टेस्ट चालू केली आणि स्क्रीन काळी, मधेच एखादा तुकडा चमकतो आणि जातो.

शेडरवेडा: दर फ्रेमला फक्त रंग क्लिअर करतोयस. डेप्थ बफरही (प्रत्येक पिक्सेलचं अंतर साठवायची जागा) क्लिअर कर, त्याच कॉलमधे दुसरा बिट जोडायचा. आत्ता मागच्या फ्रेमची अंतरं तशीच पडून आहेत, त्यामुळे नवीन पिक्सेल नापास होतायत.

नवखा_त्रिकोण: दिसला रे दिसला! एका ओळीसाठी रात्र गेली 😭 इंजिन नंतर बघू. आता जमीन टाकली, पण लांबवर जमीन आणि रस्ता एकमेकांत चमचमतायत. हे पण डेप्थचंच का?

शेडरवेडा: हो. निअर प्लेन (कॅमेऱ्यापासून जिथून दिसायला सुरुवात होते ते अंतर) किती ठेवलंय? ०.०००१ वगैरे असेल तर ०.१ कर, नाहीतर जवळजवळ सगळी अचूकता कॅमेऱ्याच्या नाकासमोरच खर्च होते. तरीही चमचमलं तर रस्ता किंचित वर उचल.