क्लासिक ३५० साठी मोबाईल माउंट कुठला घ्यावा? कॅमेरा खरंच खराब होतो का?

घाटवाट:
नमस्कार मंडळी, पुण्यात राहतो, रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० गाडी आहे, पुढच्या महिन्यात ताम्हिणी उतरून माणगाव, महाड, खेड करत दापोलीला जायचंय, मागे बायको असणार. आजवर फोन खिशात ठेवून ब्लूटूथवर मॅप ऐकायचो पण वाऱ्यात अर्धं ऐकूच येत नाही, मागच्या वेळी वळण चुकलं आणि अंधारात पंधरा किलोमीटर उलटं यावं लागलं. गेल्या वर्षी एक स्वस्तातला प्लास्टिकचा माउंट (हँडलला फोन अडकवायचा स्टँड) घेतला होता, चार कोपऱ्यांना रबर अडकवायचं असतं तसला, स्पीडब्रेकरला फोन उडाला तो थेट रस्त्यावर, स्क्रीन गेली. आता नवीन फोन आहे आणि मित्र म्हणतो बुलेटच्या व्हायब्रेशनने कॅमेरा जातो. खरंय का हे?

एकदांडी:
खरंय भावा, माझा गेलाय. चांगल्या कॅमेऱ्यांत ओआयएस असतं, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून आतली लेन्स बारीक स्प्रिंगवर तरंगती ठेवलेली असते, आणि हँडलचे हादरे सतत बसले की तेच बिघडतं. अ‍ॅपलने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलंय की जास्त पॉवरच्या मोटरसायकलवर आयफोन थेट लावू नका, आणि मोपेड-स्कूटरवर लावायचाच तर डॅम्पर (हादरे शोषून घेणारा भाग) वापरा. माझा कोकण करून आल्यावर कॅमेरा चालू केला की घर्र आवाज यायचा आणि चित्र थरथरायचं, मुलीच्या वाढदिवसाचे सगळे फोटो धूसर आले. त्याचं अजून वाईट वाटतं. त्यामुळे आता घरातला जुना फोन माउंटवर, त्याला हॉटस्पॉट द्यायचा आणि चांगला फोन जॅकेटच्या आतल्या खिशात.

सह्याद्री_रायडर:
जुन्या फोनचं पटलं, पण सगळ्यांकडे जुना फोन नसतो हो. मी क्वाड लॉक कंपनीचा माउंट वापरतो, त्याचा डॅम्पर वेगळा विकत घ्यावा लागतो, महाग पडतं सगळं मिळून पण दोन पावसाळे झाले, कॅमेरा ठणठणीत आहे. कमी बजेट असेल तर बोबो कंपनीचा मेटलचा बघा, डॅम्परवालाच मागा. कुठलाही घ्या, क्लॅम्प २२ मिमीच्या हँडलला बसतोय का ते बघा आणि खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून मग अ‍ॅलन कीने आवळा, नाहीतर खड्ड्यात हळूहळू फिरून खाली तोंड करतो. आणि एक दोरी फोनच्या कव्हरला बांधून हँडलला अडकवाच, वहिनी मागे असताना फोन पडला म्हणून अचानक ब्रेक मारणं फार धोक्याचं.

वायरिंगवाला:
पावसाचं कोणी बोललंच नाही. पुढच्या महिन्यात ताम्हिणीत धो धो असेल, ओल्या स्क्रीनवर बोट चालत नाही, थेंबच टच करत बसतात, म्हणून रूट निघण्याआधीच लावून ठेवा आणि ऑफलाइन मॅप डाउनलोड करा कारण घाटात बऱ्याच ठिकाणी रेंज नसते. पोर्टमध्ये पाणी गेलं तर फोन चार्जिंग घेत नाही, वायर ओढून जबरदस्ती करू नका, वाळू द्या. यूएसबी चार्जर बसवताना बॅटरीला डायरेक्ट नको, रिले (चावी चालू असेल तेव्हाच करंट सोडणारा स्विच) लावून चावीवर घ्या आणि मध्ये फ्यूज टाका. डायरेक्ट जोडून विसरलं की चार दिवस गाडी उभी राहिली तर बॅटरी बसू शकते, माझ्याकडे अशा गाड्या येतात. अजून एक, फोन टाकीच्या बाजूला नको, वरच्या बाजूला लावा, मान खाली घालून मॅप बघताना समोरची म्हैस दिसत नाही.

घाटवाट:
खूप आभार दादांनो. कपाटात जुना फोन आहे, बॅटरी कमजोर झालीय पण चार्जरवर चालेल, तोच लावतो. दोरीचं आजच करतो. वायरिंगवाले दादा, रिले हेडलाइटच्या घरात बसेल का सीटखाली घ्यावा?

वायरिंगवाला:
सीटखाली. बॅटरीकडून वायर जवळ पडते. वायर टाकीखालून पुढे आणताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा, कुठे ताण यायला नको, मग टाय मारा.