ओटीपी जुन्या नंबरवर जातो आणि माझं पान माझ्या हाती येत नाही

रानजाई
नमस्कार मंडळी. मी फलटणजवळच्या एका गावात गोधड्या शिवते, आमच्याकडे वाकळ म्हणतात. २०१३ साली मुलाने एका मोठ्या साइटवर माझं पान काढून दिलं. तेव्हापासून प्रत्येक वाकळीचा फोटो टाकून ती कुणाच्या आजीच्या लुगड्यांची आहे, धावदोऱ्याला किती दिवस लागले, हे मी स्वतः लिहीत आले. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं त्या पानावरूनच जोडली गेली.

मध्यंतरी नवा फोन घेतला, नवं सिम घेतलं. जुनं सिम डब्यात पडून राहिलं, रिचार्ज केलाच नाही. पान नव्या फोनवर चालू होतं, त्यामुळे काही वाटलं नाही. वर्षभराने तो फोन पाण्यात पडला. दुसऱ्या फोनवर पान उघडायला गेले, तर ओटीपी जुन्या नंबरवर! तो नंबर लावला तर नाशिककडचा एक मुलगा बोलला. त्याला तो नवा म्हणून मिळालाय. मी ओटीपी मागितला तर तो घाबरला. त्याचं बरोबरच आहे, अनोळखी बाईला ओटीपी कोण सांगेल?

साइटला चार वेळा आधार कार्ड पाठवलं. खातं 'रानजाई' नावाने आहे, आधारवर माझं खरं नाव. जुळत नाही म्हणून दर वेळी तेच छापील उत्तर.

सगळ्यात जिव्हारी लागलंय ते वेगळंच. डोंबिवलीच्या एका ताईंनी त्यांच्या आईची तीन लुगडी कुरियरने पाठवली होती. त्या रोज पानावर विचारतायत, "मिळाली का? बोला ना काहीतरी." मला ते वाचता येतं, उत्तर देता येत नाही. नव्या खात्यावरून लिहिलं तर त्यांनी मलाच फसवी समजून ब्लॉक केलं.

मोबाइल कंपनी बदलली तरी नंबर तोच ठेवायची सोय देशभर २०११ पासून आहे. मग साइट बदलताना माझं नाव आणि माझी माणसं सोबत का नेता येत नाहीत? पुढे तरी येतील का? आणि आता नव्याने कुठे बसू?

टिपकागद
ताई, आधी नंबराचं. प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, आणि पुढे किमान ९० दिवस थांबून तो नंबर दुसऱ्याला देता येतो. म्हणजे आपण ज्याला ओळख म्हणून सगळीकडे लावतो तो नंबर भाड्याच्या खोलीसारखा आहे. बँक, गॅस, आधार कुठेकुठे तो जुना नंबर राहिलाय ते आजच तपासा. पानापेक्षा ते तातडीचं आहे.

कायद्याचं म्हणाल, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपली माहिती काय आहे हे विचारण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा हक्क आहे. आपल्या पश्चात हे हक्क कुणी बजावायचे त्याचं नामांकनही करता येतं. पण तुम्ही विचारताय तो हक्क, एका साइटवरून दुसरीकडे नेण्याचा, त्यात नाही. २०१९ च्या विधेयकात तो होता, नंतर गळला. मला ही फार मोठी चूक वाटते.

राईनकाठ
जर्मनीत राहतो. इथे २०१८ पासून तो हक्क आहे, युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्याचं २० वं कलम. मी वापरलाय. झिप फाइल मिळते, त्यात माझे फोटो, माझं लिखाण. पण लोकांशी झालेलं बोलणं तुटक येतं आणि माणसं तर येतच नाहीत. ऑर्कुट हे जुनं समाजमाध्यम ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हाही फोटो आणि स्क्रॅप, म्हणजे एकमेकांना लिहिलेले निरोप, उतरवून घ्यायची सोय होती, पण ती गजबज कुठे उतरवणार?

आणि ताई, एक बाजू अशीही आहे की तुमच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते ही त्यांची स्वतःची माहिती आहे. त्यांना न विचारता दुसऱ्या साइटवर नेणं मला पटणार नाही.

उंबरठा
उत्तर काही प्रमाणात आजच आहे. मॅस्टोडॉन या अनेक सर्व्हरवर चालणाऱ्या समाजमाध्यमात एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना अनुयायी सोबत येतात, जुनं लिखाण मागे राहतं. पण त्यासाठी जुनं खातं उघडता यायला हवं, तिथे तुमचीच अडचण पुन्हा येते. ब्लूस्काय या दुसऱ्या समाजमाध्यमावर स्वतःचं डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, हेच नाव म्हणून लावता येतं.

माझा आग्रह डोमेनचाच. एक साधं संकेतस्थळ करा, वाकळींची गोष्ट तिथे लिहा, बाकी साइटवर फक्त दुवा टाका. नाव देवनागरीत हवं तर .भारत आहे. मात्र नूतनीकरण दरवर्षी न चुकता, मुलाच्या नव्हे तुमच्या नावावर आणि तुमच्याच ईमेलवर. डोमेनचेही पैसे थकले की ते जातं.

राईनकाठ म्हणतात ते मान्य. म्हणूनच गिऱ्हाइकाला विचारून त्याचा पत्ता वहीत लिहून घ्या. त्या लुगड्यांच्या कुरियरवर पाठवणाऱ्याचा पत्ता असेलच की!

रानजाई
उंबरठा, तुमचं वाचून उठले आणि कोठीतली पिशवी शोधली. पत्त्याची चिठ्ठी निम्मी फाटली होती, पण इमारतीचं नाव आणि पिन कोड वाचता आला. हाताने पत्र लिहिलं, सोबत अर्ध्या शिवलेल्या वाकळीचा फोटो, माझा नंबर, आणि स्पीड पोस्टने पाठवलं.

परवा फोन आला. आवाज कडक होता. म्हणाल्या, "तुम्ही त्याच कशावरून?" मी म्हटलं, विचारा काय विचारायचं ते. त्यांनी विचारलं, "रफू कुठल्या लुगड्याला आहे?" मी सांगितलं, हिरव्याला, काठापासून चार बोटांवर, तांबड्या दोऱ्याने केलंय, आणि ते मी कापलेलं नाही, वाकळीच्या मधोमध घेतलंय. बराच वेळ त्या काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ते रफू आईने शेवटच्या दिवाळीला केलं होतं.

त्यांनीच आता जुन्या पानावर खाली माझा नवा नंबर लिहिलाय. त्यांचा पत्ता, विचारूनच, वहीत पहिल्या पानावर घेतला. नाशिकच्या मुलाला फोन करून सांगितलं, बाबा, ओटीपी आला तर कुणालाच देऊ नको, मलासुद्धा नाही. डोमेनचं काम या रविवारी मुलगा आला की करतोय. टिपकागद, गॅसला जुनाच नंबर होता, तो बदलला.